अपुऱ्या विषाणूंचा हिशेब

प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे. डॉक्टरांनी पिपेटनं एकेका खळग्यात कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींचं फिकट पाणी सोडलं, प्लेट टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आता अर्धा-पाऊण तास हिला हात लावायचा नाही. चला, चहा घेऊ."

परत आलो तेव्हा प्लेटच्या डाव्या बाजूचे खळगे तळभर सारखे गुलाबी दिसत होते. उजवीकडच्या खळग्यांत तळाशी लाल ठिपका बसला होता. डॉक्टरांनी प्लेट तिरकी धरली. ठिपके ओघळून खाली उतरले, गुलाबी खळगे जागचे हलले नाहीत.

"विषाणू असला की तो रक्तपेशींना एकमेकींशी बांधून ठेवतो, मग त्या तळाशी गोळा होत नाहीत. नसला की हे असं बटण पडतं," त्यांनी सांगितलं. डावीकडून उजवीकडं विषाणूचं द्रावण दर खळग्याला निम्मं पातळ करत नेलेलं असतं. गुलाबी रंग जिथवर टिकतो, तो त्या द्रावणाचा टायटर. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या कामात पशुवैद्यकांना ही चाचणी नेहमीचीच.

"म्हणजे यात इतके जिवंत विषाणू आहेत, असं म्हणायचं?"

"जिवंत-बिवंत यात काही कळत नाही हो. बांधायला वरचं कवच पुरतं. आतला माल पूर्ण आहे की अर्धवट, रक्तपेशीला त्याच्याशी काय घेणं? ते बघायचं तर अंडी लावावी लागतात."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'अपूर्ण' हा विषय दिला, तेव्हा बहुतेकांच्या मनात अपुऱ्या राहिलेल्या कादंबऱ्या आणि अर्धवट बांधलेले पूल आले असणार. मी निघालो ते आत अर्धवट माल असलेल्या या कणांच्या मागं. ते फ्लूमध्ये असतात, लहान मुलांना छळणाऱ्या आरएसव्हीमध्ये असतात. स्वतःच्या जोरावर ते एकही नवा कण जन्माला घालू शकत नाहीत. तरी दुखणं हलकं जाणार की जड, यात त्यांचा हात असतो. तो किती, हे ठरवायला गणितवाले गेली काही दशकं डोकं चालवत आहेत.

कोपनहेगनची अंडी

डॉक्टरांनी सांगितलेली 'अंडी लावणं' ही जुनी रीत आहे. दहा-अकरा दिवसांचं फलित अंडं अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरतात. आत लाल शिरांचं जाळं आणि गर्भाची हालचाल दिसली की हवेच्या पोकळीच्या कडेला पेन्सिलनं खूण करतात, कवचाला बारीक भोक पाडतात, सुईनं विषाणू आत सोडतात आणि भोक मेणानं बंद करतात. दोन-तीन दिवस उबवून अंडं थंड करायचं आणि गर्भाभोवतीचं पाणी काढून घ्यायचं. फ्लूची लस आजही मोठ्या प्रमाणावर अशीच बनते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०१० मध्ये आणलेली नाकात फवारायची नॅसोव्हॅक लसही अंड्यांतच वाढवलेल्या विषाणूची होती.

दुसरं महायुद्ध संपल्यावर कोपनहेगनच्या सीरम संस्थेत प्रेबेन फॉन माग्नुस हेच काम करत होते. एका अंड्यातलं पाणी काढायचं, दुसऱ्यात टोचायचं. पाणी पातळ न करता, आहे तसं टोचलं तर पीक जास्त यायला हवं, असं कोणालाही वाटेल. झालं उलटं. दोन-तीन फेऱ्यांतच संसर्ग करण्याची ताकद कित्येक पटींनी कोसळली. रक्तपेशी बांधण्याची ताकद मात्र त्या मानानं टिकून होती. कण होते, पण कामाचे नव्हते. तेच पाणी हजारो पट पातळ करून टोचलं, की विषाणू पुन्हा जोमानं वाढायचा. फॉन माग्नुस यांनी या निकामी कणांना 'अपूर्ण विषाणू' म्हटलं. लस बनवणाऱ्यांनी यातून घेतलेला धडा आजही पाळला जातो: बियाणं पातळ करूनच पेरायचं.

कण नुसते निकामी असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ते चांगल्या विषाणूची वाढही रोखत होते. १९७० मध्ये अ‍ॅलिस हुआंग आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी 'नेचर'मध्ये एक लेख लिहून या कणांना त्यांचं आजचं नाव दिलं: अडथळा आणणारे सदोष कण. प्रयोगशाळेत त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून सरसकट 'डीआयपी' म्हणतात. आजाराचा जोर ठरवण्यात हे कण भाग घेत असावेत, असा अंदाज त्या लेखात होता. हुआंग यांचं काम गुरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या एका विषाणूवर चालायचं. आपल्याकडं १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना सापडलेला चांदीपुरा विषाणू त्याच्याच कुळातला.

चार पानांचा दस्तऐवज

कण सदोष होतो कसा? फ्लूच्या विषाणूचा जनुकीय वारसा आठ सुट्या तुकड्यांत असतो. सगळ्यांत लांब तुकडे साधारण २,३०० अक्षरांचे. नक्कल करणारं एन्झाइम कधीकधी मधला मोठा भाग गाळून पुढं उडी मारतं आणि दोन्ही टोकं जोडून टाकतं. हे १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात देबी नायक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. उरतो तो तुकडा बहुधा चारशेच्या आसपास अक्षरांचा. नक्कल कुठून सुरू करायची आणि कोणता तुकडा कणात भरायचा याच्या खुणा टोकांशी असतात, आणि टोकं शाबूत राहिलेली असतात. गेलेलं असतं ते मधलं, म्हणजे एन्झाइमचा भाग बनवण्याची कृती. बाकीचे सात तुकडे जसेच्या तसे.

झेरॉक्सच्या दुकानात एकच मशीन आहे, समजा. एकाकडं तेवीस पानांचा दस्तऐवज, दुसऱ्याकडं त्याच्याच पहिल्या-शेवटच्या मिळून चार पानांचा. मशीन दोघांना सारखाच वेळ देतंय. संध्याकाळी चार पानांच्या प्रती जवळपास सहापट निघालेल्या असतात. गंमत म्हणजे मशीन आणलेलं असतं तेवीस पानांवाल्यानं. तो दुकानात नसेल तर चार पानांवाल्याला काहीच करता येत नाही.

म्हणजे एकाच पेशीत दोघंही शिरले, तरच डीआयपीचं फावतं. सगळं गणित या एका अटीवर उभं आहे.

पीसीआरला यातलं काही कळत नाही. इन्फ्लुएन्झा-एच्या प्रचलित चाचण्या बहुतेक सातव्या तुकड्याचा छोटा भाग शोधतात. पहिल्या तुकड्यात खोट असलेल्या डीआयपीचा सातवा तुकडा धडधाकट असतो, त्यामुळं चाचणी त्यालाही विषाणू म्हणूनच मोजते. सीटी व्हॅल्यू कमी आली म्हणून हबकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. डॉक्टरांच्या प्लेटसारखंच तिथंही आतला माल पूर्ण आहे की अर्धवट ते दिसत नाही.

सहा रकाने

गणित बघायला गेलो ते पुण्यातच, ओळखीच्या एका मुलीकडं. ती मूळची साताऱ्याची, आता संसर्गाची मॉडेल्स बनवते. "काका, समीकरणं नको, आधी एक्सेलमध्येच दाखवते," म्हणत तिनं शीट उघडली. सहा रकाने: निरोगी पेशी, नुसता पूर्ण विषाणू शिरलेल्या पेशी, नुसता डीआयपी शिरलेल्या, दोन्ही शिरलेल्या, मोकळे पूर्ण विषाणू, मोकळे डीआयपी. एक ओळ म्हणजे एक तास. प्रत्येक ओळ वरच्या ओळीवरून ठरते: किती पेशी बाधल्या, किती मेल्या, किती कण बाहेर पडले, किती साफ झाले.

डीआयपीचे रकाने शून्य ठेवले की उरतं ते २००६ मध्ये लॉस अलामॉसच्या अ‍ॅलन पेरेलसन यांच्या गटानं मांडलेलं साधं मॉडेल. मुद्दाम फ्लूची लागण करून घेतलेल्या सहा स्वयंसेवकांच्या नाकातल्या विषाणूची मोजदाद त्यांनी वापरली होती. त्यातून निघालेले आकडे या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असतात. बाधित पेशी साधारण ६ तासांनी विषाणू सोडायला लागते, सुमारे ११ तास जगते. मोकळ्या विषाणूची संसर्गक्षमता दर ३ तासांनी निम्मी होते. आणि सुरुवातीला एक बाधित पेशी जवळपास २२ नव्या पेशींना बाधते.

तिनं शीट खालपर्यंत ओढली. आलेखात विषाणूची रेघ सरळ वर चढली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठून घसरली. प्रतिकारशक्तीचा रकाना तर शीटमध्ये नव्हताच. "मग उतरली कशानं?" मी विचारलं. "खायला पेशीच उरल्या नाहीत." निरोगी पेशींच्या रकान्यात तळाशी एक अंकी आकडे होते.

मग तिनं शेवटच्या रकान्यात पहिल्याच ओळीत भरपूर डीआयपी टाकले. शिखर बुटकं झालं, पुढं सरकलं. तोच आकडा तिसऱ्या दिवसाच्या ओळीत टाकला. आलेखात ढिम्म फरक पडला नाही. तोवर पेशी संपलेल्या होत्या, डीआयपींना शिरायला घर राहिलं नव्हतं.

"आणि विषाणू पार थांबवायचा असेल तर?"

तिनं बावीसावर बोट ठेवलं. एका पेशीपासून बावीस बाधायच्या ठिकाणी एकाहून कमी बाधली पाहिजे. म्हणजे पूर्ण विषाणूचं पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त उत्पादन बंद पाडावं लागेल. आपोआप तयार होणाऱ्या डीआयपींना सुरुवातीला हे जमणं अवघड, कारण तेव्हा दोघांची एका पेशीत गाठच पडत नाही. ही गाठ पडण्याचा हिशेब शंभर वर्षांहून जुना आहे, प्वासाँचा. पेशीमागे सरासरी एक कण असेल तर ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात, ३७ टक्क्यांना एक कण मिळतो, २६ टक्क्यांना दोन किंवा जास्त. सरासरी शंभर पेशींमागे एक कण असेल, तर लाखभर पेशींत दोन कण मिळालेल्या पेशी जेमतेम पाच. फॉन माग्नुस यांनी पाणी पातळ केल्यावर विषाणू का सावरायचा, ते या पाचांत आहे.

शीटमधली खोट तिनं स्वतःच दाखवली. रकान्यांत सगळ्या पेशी आणि सगळे कण एकत्र ढवळलेले आहेत. श्वासनलिकेत तसं नसतं. बाधित पेशीतून निघालेले कण आधी शेजारणींना गाठतात, त्यामुळं सरासरी कितीही कमी असली तरी त्या ठिपक्यापुरती गर्दी असते आणि तिथं दोघांची गाठ सहज पडते. म्हणून आताची बरीच मॉडेल्स पेशींचा पट मांडून, एकेक पेशी वेगळी धरून चालवतात. विस्कॉन्सिनमध्ये जॉन यिन यांच्या प्रयोगशाळेनं प्रत्यक्ष पेशींच्या थरावर असा संसर्ग पसरताना पाहिला आहे.

माग्देबुर्गच्या टाक्या

गणितवाल्यांना डीआयपीचं आकर्षण वाटण्याचं जुनं कारण वेगळं आहे. विषाणू वाढला की त्याच्या जिवावर डीआयपी वाढतात. ते वाढले की विषाणू घटतो. मग डीआयपींचीही उपासमार होते, आणि विषाणू परत डोकं वर काढतो. शिकार आणि शिकारी यांच्या गणितात दिसतात तशा या लाटा. टॉम कर्कवुड आणि चार्ल्स बँगहॅम यांनी १९९४ मध्ये दाखवलं की फेऱ्याफेऱ्यांनी विषाणू वाढवताना हे चढउतार इतके बेभरवशाचे होऊ शकतात, की सुरुवातीच्या किरकोळ फरकानं पुढचं सगळं पालटतं. प्रयोग जमत नाही म्हणून विद्यार्थ्याला बोलणी खावी लागली असतील, त्या काही प्रयोगांत दोष समीकरणाचा असू शकेल.

जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेत उडो राइशल आणि टिमो फ्रेन्सिंग यांच्या गटाला हे महागात पडलं आणि फायद्याचंही ठरलं. अंड्यांऐवजी टाकीत, बदकाच्या पेशींवर, फ्लूचा विषाणू अखंड काढत राहायचा, असा त्यांचा बेत होता. एका टाकीत पेशी वाढायच्या आणि सतत दुसरीत उतरायच्या, दुसरीत विषाणू. २०१३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टाकी सतरा दिवस चालली, आणि उत्पादन एका पातळीवर राहण्याऐवजी लाटांसारखं वरखाली होत राहिलं. प्रत्येक उताराला डीआयपी साचलेले. लसीचा कारखाना म्हणून ही पद्धत अडचणीची ठरली, पण पुढं याच संस्थेनं मुद्दाम डीआयपीच पिकवण्याकडं मोर्चा वळवला.

माणसाला फ्लू होतो तेव्हा मात्र या लाटा दिसत नाहीत. टाकीत ताज्या पेशी सतत येत राहतात. घशाला आठवड्याभरात तेवढी भरपाई मिळत नाही. दुसरी लाट यायच्या आत खेळ आटोपलेला असतो. लाटांची चित्रं देखणी असतात आणि शोधनिबंधांत शोभतात. आजारी माणसाच्या बाबतीत प्रश्न एवढाच, की पहिल्या चढावर डीआयपी वेळेत पोचले का.

आधी आले, की नंतर

वेळेचा हा मुद्दा आरएसव्हीनं फार स्पष्ट केला. या विषाणूचे सदोष वारसे फ्लूपेक्षा वेगळ्या चुकीतून होतात. नक्कल करणारं एन्झाइम वाटेत मूळ धागा सोडतं आणि आत्ताच लिहिलेल्या धाग्यावरच उलटं फिरून लिहू लागतं. तयार होतो तो स्वतःवर दुमडणारा, टोकांशी जोडी जमणारा तुकडा. पेशीतला रिग-आय हा पहारेकरी रेणू नेमका असल्या दुहेरी तुकड्यांना ओळखतो आणि इंटरफेरॉनची हाळी देतो. म्हणजे इथं सदोष वारसा मशीन अडवतोच, शिवाय शेजारच्या पेशींना सावधही करतो. (इंटरफेरॉनचा शोधही लंडनमध्ये १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर निकामी केलेला फ्लूचा विषाणू ठेवतानाच लागला. या विद्येवर कोंबडीचे उपकार फार.)

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कॅरोलिना लोपेझ यांच्या गटानं २०२१ मध्ये आरएसव्हीच्या रुग्णांच्या नाकातल्या स्रावात हे सदोष वारसे शोधले. मुद्दाम लागण करून घेतलेल्या प्रौढ स्वयंसेवकांचे रोजचे नमुने त्यांच्याकडं होते. ज्यांच्यात ते लवकर दिसले आणि गेले, त्यांचा आजार हलका. ज्यांच्यात ते उशिरा दिसले किंवा रेंगाळले, त्यांचा जड. कण तेच, निकाल उलटा. कुठल्यातरी एका दिवशी स्वॅब घेऊन 'डीआयपी जास्त म्हणजे चांगलं' किंवा 'वाईट' म्हणणारे दोघंही आपापल्या नमुन्यापुरते खरे बोलत असतात.

२००९ च्या स्वाइन फ्लूची आठवण पुण्यात अजून ताजी आहे. नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा, दुकानांतून संपलेले मास्क. तरणीताठी माणसं का दगावली आणि बाकीचे पाच दिवस अंगावर काढून कामाला का लागले, हे तेव्हा कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. त्या साथीच्या विषाणूंचे स्पेनमध्ये जपलेले नमुने पुढं तपासले गेले. २०१७ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात गंभीर रुग्णांकडून मिळालेल्या विषाणूंत सदोष वारसे कमी आढळले. हे अर्थातच एकमेव कारण नव्हे. पण त्या रांगेतल्या कोणाच्याही कागदावर हा आकडा नव्हता.

मॉडेल्स बनवणाऱ्या त्या मुलीनं शीटमध्ये आणखी एक बदल करून दाखवला. सदोष वारसे भरपूर असलेल्या पेशी मरत नाहीत, तग धरून राहतात, असं लोपेझ यांच्या गटाला प्रयोगात दिसलं होतं. तिनं त्या रकान्यातला मृत्यूदर खाली आणला. शिखर बुटकंच राहिलं, पण शेपूट जमिनीला टेकेना. विषाणू थोडाथोडा निघतच राहिला. आधी वाचवणारे कण पुढं दुखणं लांबवतात कसे, याचं एक उत्तर तिथं दिसत होतं. "एक शक्यता," तिनं दुरुस्त केलं. "इंटरफेरॉनचा रकाना टाकला की हेच चित्र मी चार वेगळ्या पॅरामीटरांनी काढून दाखवीन."

औषध म्हणून

इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात नायजेल डिमॉक यांनी एकाच डीआयपीमागं बरीच वर्षं घातली. त्याचा सदोष तुकडा ३९५ अक्षरांचा. नाकात थेंब दिलेले उंदीर आणि फेरेट फ्लूपासून वाचले. सॅन फ्रान्सिस्कोत लिओर वाइनबर्गर यांचा गट कृत्रिम डीआयपी घडवतो. त्यांच्या कोरोनाविरोधी कणाच्या एका मात्रेनं हॅमस्टरांमधला विषाणू घटला, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पानं २०१६ मध्ये या कल्पनेसाठी खास कार्यक्रमच काढला होता.

वाइनबर्गर यांच्या मॉडेलांचा सगळ्यांत मोठा दावा पुढचा आहे. असा कण विषाणूबरोबर एका माणसातून दुसऱ्यात जाईल, म्हणजे विषाणू जिथं पोचतो तिथं औषधही पोचेल. कागदावर हे बिनतोड दिसतं. मला ते पटत नाही. माझ्या खोकल्यातून शेजाऱ्याच्या फुफ्फुसात जाणाऱ्या औषधाला त्याची संमती कोण विचारणार? त्याला त्रास झाला तर नोंद कोणाच्या नावावर? आणि डीआयपींना दाद न देणारे विषाणू निपजतात, हे प्रयोगशाळेत केव्हाच दिसलं आहे. लागण झाल्या-झाल्या नाकात फवारायचं, त्या माणसापुरतं औषध इतपत माझी तयारी आहे. तिथंही शीटमधला तो तिसरा दिवस आडवा येतोच. ताप येऊन, एक दिवस क्रोसिनवर काढून, मग दवाखान्यात जाईपर्यंत शिखर गाठलेलं असतं.

दिवस शून्य

मॉडेल तपासायला रोजचे नमुने लागतात, आणि लागण कधी झाली ते माहीत असावं लागतं. मुद्दाम लागण केलेल्या स्वयंसेवकांत ते घड्याळ लावून माहीत असतं. वॉर्डात आलेल्या मुलाचं तसं नसतं. चढत्या बाजूला विषाणू एका दिवसात शंभर पटींहून जास्त वाढू शकतो. दिवस शून्य इकडचा तिकडं झाला की तोच स्वॅब 'डीआयपी लवकर आले' या खात्यात जातो किंवा 'उशिरा आले' या. म्हणून ती साताऱ्याची मुलगी लागणीचा दिवस हाही एक अज्ञात आकडा धरते आणि बाकीच्यांबरोबर सोडवते. आकडे वाढले की उत्तर ढिलं होतं, हे तिला मान्य आहे.

केसपेपरांच्या एका गठ्ठ्याचं तिनं वर्णन केलं. नावं काढून टाकलेली, बाकी सगळं नीट भरलेलं: वजन, ऑक्सिजन, छातीचा फोटो. तापाच्या रकान्यात मात्र पानापानावर तेच, '३-४ दिवसांपासून'. "काका, आईला विचारलं तर ती सांगते, मंगळवारी संध्याकाळी शाळेतून आला तो अंग गरम घेऊनच आला. तिला वार माहीत असतो, वेळ माहीत असते. लिहिणारा त्याचं तीन-चार करतो." आता कोणी डॉक्टर तिच्या कामात सहभागी व्हायला तयार झाला, की ती त्याच्याकडं एवढंच मागते: तापाच्या रकान्यात वार लिहा.